देवाची कृपा आणि आपला नित्याचा व्यवहार

आपल्या बोलण्यांत आणि लिहिण्यांत कांहीं शब्द इतके वेळां येतात कीं, त्यांच्या अर्थाकडे आपलें लक्षच जात नाहीं. 'कृपा' हा त्यांपैकींच एक शब्द होय. जुन्या पिढीचीं माणसें पत्राच्या आरंभीं 'ईश्वरकृपेनें येथील सर्व कुशल आहे' असें लिहीत. ख्रिस्ती कुटुंबांत जेवणापूर्वीं देवाच्या कृपेबद्दल आभार मानतात, आणि उपासनेच्या शेवटीं पाळक मंडळीला कृपेचा आशीर्वाद देऊन निरोप देतात. परीक्षेचा निकाल लागला म्हणजे उत्तीर्ण झालेल्या मुलाची आई शेजारणीला सांगते, 'देवाची कृपा झाली.' परंतु त्याच आळींत ज्या मुलाचें नांव उत्तीर्णांच्या यादींत नसतें, त्याच्या घरीं त्या दिवशीं हा शब्द कोणी उच्चारीत नाहीं. त्या घरावर देवाची कृपा नव्हती काय? अशाच एका निकालाच्या दिवशीं एका पालकांनीं आम्हांला हा प्रश्न विचारला होता. आम्हीं त्यांना जें उत्तर दिलें, तें आमचें आम्हांलाच अपुरें वाटलें. तें पुरें करण्याचा यत्न म्हणून हा लेख आहे.

शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत येण्यासाठीं मजुरी, बक्षीस आणि कृपा ह्यांतील भेद पाहिला पाहिजे. मजुरी ही कामाची असते. ठरलेलें काम झालें कीं मजुरी हा मजुराचा हक्क होतो. ती देण्यांत मालकाचे कांहीं उपकार नसतात. बक्षीस हें सरसपणाचें असतें. शर्यतींत दहाजण धांवले तरी पहिलें बक्षीस एकालाच मिळतें, आणि एकाला तें मिळालें म्हणजे उरलेल्या नऊजणांना मिळालें नाहीं, हा त्याचा अर्थच असतो. कृपा ह्या दोहोंहून निराळी आहे. ती हक्कानें मागतां येत नाहीं, आणि दुसऱ्याला मागें टाकून जिंकतांहि येत नाहीं. घेणाऱ्याची योग्यता हें तिचें कारण नसून देणाऱ्याचें प्रेम हें तिचें कारण असतें. नवा करार ज्या ग्रीक भाषेंत लिहिला गेला, तींत कृपेला 'खारिस' असा शब्द आहे; आणि 'खारा' म्हणजे आनंद, ह्या शब्दाशीं त्याचें जवळचें नातें आहे. ज्या देण्यानें आनंद होतो तें देणें, असा भाव त्या शब्दाच्या मुळांतच आहे.

हा विचार आपल्या भाषेला परका नाहीं. महाराष्ट्राच्या संतांनीं देवाची कृपा आणि गुरूची कृपा ह्यांचें वर्णन शतकानुशतकें केलें आहे. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं गोव्यांत राहून मराठींत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलें, व तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. तेव्हांपासून ख्रिस्ती श्रद्धाहि मराठी शब्दांत बोलत आली आहे. आपल्या शाळेंत अनेक धर्मांच्या घरांतील मुलें एका बांकावर बसतात, म्हणून ख्रिस्ती मनुष्य ह्या शब्दाचा काय अर्थ घेतो, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. त्याच्या श्रद्धेप्रमाणें कृपा ही केवळ देवाच्या मनांतील एक भावना नाहीं. येशू ख्रिस्ताच्या जन्मांत, सेवेंत, वधस्तंभावरील मरणांत व पुनरुत्थानांत ती माणसांना प्रत्यक्ष दिसली. माणूस चढून देवापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं देवच माणसाकडे उतरून आला, हें तिचें सार होय.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याच्या मालकाचा दृष्टांत आहे. त्यानें कांहीं मजूर पहाटे लावले, कांहीं दुपारीं लावले, आणि कांहीं तर दिवस मावळावयास एक तास उरला असतां लावले. संध्याकाळीं मात्र त्यानें सर्वांच्या हातावर सारखेंच नाणें ठेवलें. पहाटेपासून राबलेल्यांनीं कुरकुर केली, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, ठरल्याप्रमाणें तुम्हांला दिलें आहे. माझ्या उदारपणाचा तुम्हांला कां हेवा वाटावा? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना ही कुरकुर योग्य वाटेल. परंतु मूलच्या आसपास धानाच्या रोवणीचे दिवस ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांनीं क्षणभर विचार करावा. सकाळीं चपळ हातांच्या बायांना बोलावणें येतें. ज्या म्हातारीचे हात आतां मंद झाले आहेत, ती वाट पाहत ओट्यावर बसून राहते. तिला कोणीं बोलावलें नाहीं, हा तिचा आळस नव्हे. आणि सायंकाळीं तिच्या घरींहि चूल पेटवावीच लागते. दृष्टांतांतील मालकानें तासांचा हिशेब केला नाहीं, त्यानें भुकेचा हिशेब केला. कृपेचें गणित हें असें असतें.

आपल्याच मुलखांतील दुसरा दाखला तलावाचा आहे. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा चंद्रपूर जिल्ह्याचा धानाचा पट्टा. येथें वर्षाला साधारणपणें १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडतो, आणि मध्येंच उघडीप पडली तर उभें पीक करपूं लागतें. म्हणून गोंड राजांच्या अमदानींत तलाव बांधणाराला जमीन देण्याची रीत पडली, आणि कोहळी समाजासारख्या कुशल लोकांनीं ह्या भागांत व शेजारच्या भंडाऱ्याकडे पुष्कळ तलाव बांधले. पुढें मालगुजारांच्या ताब्यांत आल्यामुळें त्यांना 'मालगुजारी तलाव' हें नांव पडलें. १९५१ सालीं मालगुजारी संपली. तलाव मात्र राहिले. आज जो मुलगा तलावाखालच्या बांधींत पिकलेला भात खातो, त्यानें ती पाळ बांधलेली नाहीं. ज्यांनीं डोक्यावर टोपल्या वाहून ती बांधली, त्यांचीं नांवेंहि त्याला ठाऊक नाहींत. आणि ज्यांनीं ती बांधली, त्यांनाहि पाऊस पाडतां आला नव्हता. आपला जन्म, आईचें दूध, शिकविणारे गुरुजन, आजारपणांत उशाशीं बसणारें माणूस, हीं सर्व ह्याच जातीचीं देणीं आहेत. आपण कमाईच्या गोष्टी बोलूं लागतों, त्याच्या कितीतरी आधीं आपल्याला पुष्कळ कांहीं मिळून चुकलेलें असतें.

परंतु जें अनायासें मिळालें तें देणाराला फुकट पडलें, असें मात्र कोणी समजूं नये. ह्या संबंधांत आमच्याच लहानपणची एक गोष्ट सांगतों. आम्ही दहाअकरा वर्षांचे होतों. रोवणी नुकतीच आटोपली होती. तलावाच्या पाण्याची पाळी त्या रात्रीं आमच्या घराची होती, आणि बांध्या भरतांच तुडूम बंद करण्याचें काम वडिलांनीं आमच्यावर सोंपविलें होतें. आम्ही पाळीवर गेलों, घोंगडी पांघरून बसलों, आणि झोंपी गेलों. जागे झालों तेव्हां उजाडूं लागलें होतें. रात्रभर सुटलेल्या पाण्यानें आमच्या बांध्या ओलांडून शेजारच्या म्हाताऱ्या काकांच्या दोन बांध्यांचे धुरे फोडले होते, आणि दोन दिवसांपूर्वीं रोवलेला त्यांचा धान उपटून वाहून गेला होता. आम्ही घरीं न जातां मोहाच्या झाडामागें लपून बसलों. काका आले, त्यांनीं सर्व पाहिलें, आणि आमच्या घराच्या वाटेस लागले. आतां पंच बसणार, भरपाई द्यावी लागणार, आणि वडिलांचा मार तर ठरलेलाच, असें समजून आम्ही दुपारपर्यंत तेथेंच रडत होतों.

भुकेनें घरीं आलों तेव्हां वडील म्हणाले, 'काका आले होते.' आम्हीं मान खालीं घातली. ते पुढें म्हणाले, 'भरपाई देऊं केली, तर त्यांनीं ती घेतली नाहीं. एवढेंच बोलले : पोरगा आहे, झोप लागली असंन, उद्या माह्यासंगं रोवाले धाडा.' दुसऱ्या दिवशीं आम्ही भीत भीतच गेलों. काकांनीं आपल्या उरलेल्या पऱ्ह्याच्या पेंढ्या बांधावर आणून ठेवल्या होत्या. त्या त्यांच्या दुसऱ्या एका बांधीसाठीं राखलेल्या होत्या; ती बांधी त्या वर्षीं अर्धी रिकामी राहिली. दिवसभर आम्हीं त्यांच्याबरोबर चिखलांत वांकून रोवणी केली. दुपारीं त्यांनीं आपल्या शिदोरींतील अर्धा भात आमच्यापुढें ठेवला. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनीं एक शब्दहि काढला नाहीं, त्या दिवशीं नाहीं आणि नंतर कधींहि नाहीं.

पुष्कळ वर्षें आम्हांला वाटे कीं, त्या दिवशीं आपण स्वस्तांत सुटलों. मोठेपणीं कळलें कीं, तें स्वस्त नव्हतें. नुकसान झालें नाहीं असें नव्हे. तें झालेंच होतें, आणि तें कोणाला तरी सोसावयाचें होतें. आम्हीं सोसण्याऐवजीं काकांनीं तें सोसलें. ती अर्धी रिकामी बांधी ही आमच्या क्षमेची किंमत होती, आणि ती क्षमा करणाऱ्यानें भरली होती. वधस्तंभाचा अर्थ आम्हांला पुढें पुस्तकांतून शिकविण्यांत आला. परंतु त्याचा पहिला धडा आम्हीं त्या बांधींत घेतला होता. जर्मनींतील पाळक डीट्रिख बोनहोफर ह्यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत 'स्वस्त कृपे'विरुद्ध इशारा दिला, आणि हिटलरच्या सत्तेला विरोध केल्याबद्दल १९४५ च्या एप्रिलमध्यें त्यांना फांशी देण्यांत आलें. कृपा घेणाऱ्याला विनामूल्य असते, पण ती मूल्यहीन नसते, हें त्यांनीं लिहिलें आणि जगूनहि दाखविलें.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील कीं, सर्व कृपेनेंच मिळत असेल तर श्रम कशाला? आणि क्षमा मिळणारच असेल तर चांगलें वागण्याची तरी गरज काय? हा प्रश्न जुना आहे. प्रेषित पौलालाहि रोमच्या मंडळीस लिहितांना त्याचें उत्तर द्यावें लागलें होतें. आपण पुनः तलावाकडे जाऊं. तलावांत दरवर्षीं गाळ सांचतो. तो काढला नाहीं, पाळीची डागडुजी केली नाहीं, तर तोच पाऊस पडूनहि पाणी सांडव्यावरून वाहून जातें, आणि दिवाळीच्या सुमारास भारी धानाला पाणी पाहिजे तेव्हां तळ दिसूं लागतो. गाळ काढल्यानें पाऊस पडत नाहीं. पण पडलेला पाऊस मावतो. पश्चात्ताप, प्रार्थना, अभ्यास, शिस्त ह्यांचें स्थान हेंच आहे. त्यांनीं कृपा विकत घेतां येत नाहीं. परंतु त्यांच्यावांचून मिळालेली कृपा आपल्या ठिकाणीं टिकत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याचें उदाहरण ह्या ठिकाणीं सांगण्यासारखें आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे ह्यांना १९८३ सालीं आपल्या धानांत इतरांहून निराळ्या, पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. तें वेगळेपण त्यांनीं निर्माण केलेलें नव्हतें. तें त्यांना सांपडलें. पण त्यांनीं त्या लोंब्या वेगळ्या राखल्या, वर्षामागून वर्ष निवडून पेरल्या, आणि पुढें एचएमटी ह्या नांवानें प्रसिद्ध झालेलें तें बारीक तांदळाचें वाण दूरदूरच्या शेतांत पोहोंचलें. दादाजी २०१८ सालीं वारले. ते ख्रिस्ती नव्हते, आणि आम्ही त्यांना आमच्या पंथांत ओढीत नाहीं. परंतु दान आणि श्रम ह्यांचें नातें कसें असतें, तें त्यांच्या ह्या कामांत स्वच्छ दिसतें. दान आधीं येतें, श्रम त्याला उत्तर म्हणून येतात, आणि दोहोंचें फळ वांटल्यानें वाढतें.

कृपा ओळखण्यास मोठमोठ्यांनाहि वेळ लागतो, ह्याची साक्ष पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत आहे. १८५८ सालीं जन्मलेल्या ह्या विदुषीनें १८७४ मध्यें, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, दुष्काळांत आईबाप गमावले. भाऊ श्रीनिवास ह्याच्याबरोबर तिनें देशभर पायपीट केली, आणि १८७८ मध्यें कलकत्त्यास पंडितांनीं तिच्या संस्कृत विद्येचा गौरव केला. १८८३ मध्यें इंग्लंडांत तिनें बाप्तिस्मा घेतला. तरीहि, तिनेंच पुढें सांगितल्याप्रमाणें, तिच्या मनाला शांति नव्हती. धर्माचें तत्त्व तिला पटलें होतें, पण ज्याच्यावर भार टाकावयाचा तो ख्रिस्त सांपडला नव्हता. जन्मभर ती ज्ञानानें, व्रतांनीं, प्रवासानें कांहीं मिळवीत आली होती. आतां जें मिळवावयाचें नसून नुसतें घ्यावयाचें होतें, तें घेणें तिला अवघड गेलें. सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, तिला तें साधलें.

ह्यानंतर काय झालें तें महत्त्वाचें आहे. १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत, म्हणजे तेव्हां आपला चांदा जिल्हा ज्यांत होता त्या प्रांतांत, मोठा दुष्काळ पडला. तेव्हां रमाबाई तेथें गेल्या, आणि निराधार विधवा व मुली ह्यांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं त्यांचें 'मुक्तिसदन' उभें राहिलें, आणि १९०० च्या सुमारास तेथें राहणारांची संख्या सुमारें १५०० झाली. समाजानें ज्यांना पतित म्हणून दाराबाहेर उभें केलें होतें, अशा स्त्रियांसाठीं तेथें एक निराळें घर होतें. त्याचें नांव 'कृपासदन'. ज्या मुलीला दुष्काळांत कोणीं दार उघडलें नव्हतें, तिनें मोठेपणीं दुसऱ्यांसाठीं दार उघडलें, आणि त्या दारावर कृपेचें नांव घातलें. ह्याहून ह्या शब्दाची अधिक चांगली व्याख्या आम्हांला ठाऊक नाहीं.

तर मग आपल्या नित्याच्या व्यवहारांत कृपेनें जगणें म्हणजे काय? त्याला केडगांवाएवढें मोठें काम हातीं घ्यावें लागतें असें नाहीं. घरीं आई भात वाढते तेव्हां तो आपला हक्क न मानतां देणें मानावें. वर्गांत दुसऱ्याला अधिक गुण मिळाले तर आपलें कांहीं हरवलें असें समजूं नये. मित्रानें पुस्तक फाडलें, वाईट बोलला, तर त्याची क्षमा करावी, आणि ती करतांना रोज आठवण करून देऊन ती परत वसूल करूं नये. आपल्याकडून चूक झाली तर झाडामागें लपून न बसतां घरीं यावें. सकाळीं उठतांना आणि रात्रीं निजतांना दोन शब्दांत देवाचे आभार मानावे. ह्यांत अवघड असें कांहीं दिसत नाहीं. परंतु ज्यानें आठ दिवस प्रामाणिकपणें करून पाहिलें आहे, त्याला हें किती अवघड आहे तें कळतें, आणि मग आपल्याला स्वतःलाच कृपेची किती गरज आहे, हेंहि कळतें.

पालकांसहि नम्रपणें एक विनंती आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत सर्व गमावून परत येणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. मुलानें वाटेंत माफीचें भाषण पाठ केलें होतें. परंतु बाप त्याला दुरून पाहतांच धांवत गेला, आणि तें भाषण पुरें होण्यापूर्वींच त्यानें त्याला मिठी मारली. आपल्या मुलाला घरीं परत येण्यापूर्वीं किती लांब भाषण पाठ करावें लागतें, ह्याचा प्रत्येक आईबापांनीं आपल्या मनाशीं विचार करावा. शिस्त अवश्य असावी. काकांनींहि आम्हांला दुसऱ्या दिवशीं चिखलांत राबविलेंच. पण आधीं त्यांनीं आपलेपणा दिला, मग काम दिलें.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. अनुत्तीर्ण मुलाच्या घरावर देवाची कृपा नव्हती काय? पौल प्रेषिताला एक व्याधि होती. ती दूर व्हावी म्हणून त्यानें तीनदां विनविलें. ती दूर झाली नाहीं. मात्र कृपा पुरेशी आहे, आणि बळ हें दुबळेपणांतच पूर्णतेस येतें, असें आश्वासन त्याला मिळालें. निकालाच्या यादींत नांव असणें हें यश आहे, आणि त्याबद्दल आनंद अवश्य करावा. परंतु कृपा ती यादी वाचून घरें निवडीत नाहीं. आमच्या चुकीच्या दिवशींच आम्हांला ती प्रथम भेटली. म्हणून त्या पालकांना आज आम्ही असें सांगूं : आपल्या मुलाचें नांव यादींत नव्हतें, त्या दिवशीं सायंकाळीं आपण त्याला हांक मारून जवळ बसविलें असेल आणि त्याच्या ताटांत नेहमींसारखाच भात वाढला असेल, तर देवाची कृपा आपल्या घरांत होती, आणि ती आपल्याच हातानें आली होती.